यादीतली अकरावी ओळ

“…म्हणजे आता ग्राफिक्स कार्डावरपण रेघ?” सन्मतीनं विचारलं.

सुताराची जाड पेन्सिल उस्तादांनी पुन्हा कानावर खोवली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

रेघ मारून झाली होती.

सन्मती मगदूम त्या रेघेकडे बघत राहिला. यादीतलं बाकी काहीही गेलं असतं तरी चाललं असतं. पण कार्ड म्हणजे त्या यादीचा जीव होता.

उस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांची जी गल्ली आहे, तिच्या शेवटाला त्यांचं दुकान. वडील तंबोरे घडवायचे, हे कॉम्प्युटर जोडतात. वडील तारेला कान लावून दोष सांगायचे, हे पंख्याला कान लावून सांगतात. धंदा बदलला म्हणून गल्लीनं सुरुवातीला नावं ठेवली. पण वडिलांना जे ‘उस्ताद’ म्हणत होते, तेच यांनाही म्हणू लागले.

पहिलंच मशीन जोडून घ्यायला कुणी आला, की उस्तादांची एक पद्धत होती. आपल्या हातानं यादी लिहून आणायची. उस्ताद एका भेटीत एकच रेघ मारणार आणि कारण सांगणार नाहीत. आठवडाभर विचार करायचा, यादी दुरुस्त करायची, पुढच्या शनिवारी परत यायचं. रेघ मारायला काही उरलं नाही, म्हणजे सामान मागवायचं.

ज्यांना घाई असे ते दुसरीकडे जात. बरेच जात. उस्तादांना त्याचं काही वाटत नसे.

सन्मती गेला नव्हता. आठवड्यातून एकदा कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारतं, एवढ्यासाठीही माणूस एखाद्या दुकानात येत राहतो. पण हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करणारा नव्हता.

पहिल्या शनिवारी काचेच्या कॅबिनेटवर रेघ पडली. दुसऱ्या शनिवारी रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथं तर शब्दही नव्हता. तरी सन्मतीनं दोन्ही वेळा मान डोलावली. स्वतःच्या शहाणपणाबद्दल त्याला कधी शंका नव्हती.

आज मात्र त्याचे कान लाल झाले.

“उस्ताद, साठ हजारात याच्यापेक्षा चांगलं कार्ड बसतच नाही. तीन महिने अभ्यास केलाय मी. घरी खाडाखोड करून करून ही बारावी यादी आहे.”

“दिसतंय की.”

“मग चुकलं कुठं ते तरी सांगा.”

“पॉवर सप्लाय कुठला धरलास?”

सन्मतीनं एक नाव सांगितलं. ते नाव त्यानंही यादीत लिहिताना पहिल्यांदाच वाचलं होतं.

“आणि प्रोसेसर?”

“…साधा. पण पुढंमागं बदलता येतो.”

उस्ताद हसले. “नाकापेक्षा मोती जड.”

“सगळे असंच करतात. कार्डावर पैसे घालायचे, बाकीचं नंतर.”

“याच्या खालचं कार्ड घे. पैसे राहतील. पॉवर सप्लाय धड घे. त्यो दिसत न्हाई कुणाला, पण सगळ्यांला जेवायला त्योच घालतोय.”

“खालचं नाही चालणार.”

“का?”

“खालचं विश्वजितकडं आहे.”

वाक्य तोंडातून निसटून गेलं होतं.

शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोरा लावत होतं. एकच तार पुन्हा पुन्हा वाजत होती. उस्तादांनी स्टूल पुढे ओढलं आणि डोळ्यांनीच त्याला बसायला सांगितलं.

“विश्वजित कोण?”

…

सन्मतीनं सांगितलं ते तुटक होतं. त्यातलं मधलं मधलं आपणच भरून घ्यावं लागतं.

सांगलीच्या कॉलेजात चौघं होते. सन्मती, अभिनंदन, तौसीफ आणि विश्वजित. विश्रामबागेत एक गेमिंग पार्लर होतं. तिथं चौघं ओळीनं बसून एकच खेळ खेळायचे. बंदुकांचा खेळ, तेव्हाही जुनाच. कॉलेज संपलं. दोघं पुण्याला गेले, विश्वजित हैदराबादला. सन्मतीला मिरजेतच एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली. दिवसभर नळ्यांवरची नावं वाचायची. त्या नावांची माणसं कधी समोर येत नाहीत.

दर शनिवारी चार वाजता चौघं आपापल्या घरून खेळायला बसत. तिघांकडे मशिनं होती, सन्मतीकडे कॉलेजातला लॅपटॉप.

एका शनिवारी तो लॅपटॉप तीनदा अडकला. तिन्ही वेळा डाव हातचा गेला. विश्वजित म्हणाला, “सन्मत्या, आधी मशीन घे लेका, मग ये.”

सगळे हसले. सन्मतीही हसला.

त्यानंतर तो खेळायला बसला नाही.

सुरुवातीला निरोप यायचे. येतोस काय? हा लिहायचा, मशीन घेतोय, मग येतो. मग निरोप महिन्यातून एकदा यायला लागले. मग तेही थांबले. आई फोन करायची, जेवलास का विचारायची. बाकी खोलीत आवाज असायचा तो व्हिडिओतल्या माणसांचा. हे कार्ड घ्या, ते घेऊ नका. त्या आठ महिन्यांत सन्मतीशी सगळ्यात जास्त बोलली ती ही माणसं, आणि त्यांना सन्मती नावाचा कुणी आहे हेही माहीत नव्हतं.

सांगून झालं, तेव्हा सन्मतीनं कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

“आठ महिने झाले,” तो म्हणाला. “आता असं मशीन नेणार की विश्वजितनं तोंडात बोट घातलं पाहिजे.”

उस्ताद त्याच्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

“बोला की उस्ताद.”

“कागद दे.”

सन्मतीनं कागद दिला. उस्तादांनी कानावरची पेन्सिल काढली. एका भेटीत दोन रेघा त्यांनी आजवर कुणाच्या यादीवर मारल्या नव्हत्या, म्हणून सन्मती पुढे वाकून बघू लागला.

उस्तादांनी रेघ मारली नाही. यादीत दहा वस्तू होत्या. दहाव्या वस्तूखाली त्यांनी अकराचा आकडा लिहिला, त्यापुढे टिंब दिलं आणि ओळ रिकामी सोडली.

कागद परत सन्मतीपुढे आला.

“अकराव्याला काय?”

“तूच सांग.”

सन्मती जरा सावरून बसला. परीक्षा म्हटली की त्याला बरं वाटायचं.

“यूपीएस. मिरजेत वीज जाते.”

उस्तादांनी मान हलवली. नाही.

“वायफायचं कार्ड?… नाही, ते बोर्डातच आहे. मोठा कूलर?”

नाही.

“विंडोज. लायसन्सचं विसरलो मी.”

“न्हाई.”

“मग माझ्या यादीत काही राहिलेलं नाही, उस्ताद. दोनशे व्हिडिओ बघितलेत मी. प्रत्येक भागाचा प्रत्येक आकडा पाठ आहे. विचारा कुठलाही.”

उस्तादांनी कुठलाही आकडा विचारला नाही. त्यांनी चहाचा कप उचलला, त्यातला गार चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला.

“तिघं खेळत्यात म्हणालास.”

“हो.”

“खेळताना गप असत्यात काय?”

“गप कसले? नुसता कालवा. खेळ कमी, बडबडच जास्त…”

सन्मती थांबला.

त्यानं यादी पुन्हा वाचली. वरून खाली, मग खालून वर. प्रोसेसर होता, बोर्ड होता, रॅम होती. दहाव्या ओळीत कीबोर्ड आणि माऊस होता. माईकचा हेडफोन कुठेच नव्हता.

“होता,” तो हळू म्हणाला. “सातव्या यादीपर्यंत होता. कार्ड वरचं घ्यायला पैसे कमी पडत होते. मीच काढला.”

“हं.”

“नंतर घेणार होतो.”

“ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,” उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तेवीस वर्षांच्या माणसानं परक्या दुकानात रडू नये एवढं भान सन्मतीला होतं, म्हणून तो समोरच्या भिंतीवरच्या तारांच्या जुडग्याकडे बघत राहिला. विश्वजितच्या कार्डावर मात करायची म्हणून त्यानं विश्वजितशी बोलायची सोय काढून टाकली होती. आणि बारा वेळा यादी लिहूनही ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

…

“चार वाजता बसत्यात म्हणालास?”

सन्मतीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

उस्ताद उठले. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं मशीन होतं. भाग तपासायचं. त्याला एका बाजूचा पत्रा नव्हता, कीबोर्डावरची अर्धी अक्षरं झिजली होती आणि त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हतं. उस्तादांनी बटण दाबलं. पंखा थोडा कुरकुरला आणि मग एका लयीत फिरू लागला.

“त्यो खेळ हाय यात.”

“यात?” सन्मती जवळजवळ हसलाच. “यात कार्डच नाही!”

“चालतोय की. चित्राचा दर्जा सगळ्यात खाली ठेवायचा. झाडं मातकट दिसत्यात. पाणी पाण्यासारखं दिसत न्हाई.” उस्ताद थांबले. “माणसं दिसत्यात.”

“तुम्ही खेळता?”

“मशीन तयार झालं की तासभर चालवून बघावं लागतंय.”

“कुणाबरोबर?”

“असतंय कोणतरी पलीकडं. नाव म्हाईत नसतं.” उस्तादांनी खणातून एक हेडफोन काढला. कानाची एक गादी फाटली होती, तिला चिकटपट्टी गुंडाळली होती. तोंडापुढे येणारा माईक मात्र शाबूत होता. “तास झाला की त्यो जातोय, मी मशीन बंद करतोय.”

हे सांगताना उस्तादांचा आवाज नेहमीसारखाच होता. सन्मतीला एकदम वाटलं, की हा माणूस शनिवारी एकेकच रेघ का मारतो, ते आपल्याला थोडंसं कळलं. पण ते विचारण्यासारखं नव्हतं.

उस्तादांनी हेडफोन त्याच्यापुढे धरला.

“आत्ता?”

“मग कधी?”

“उस्ताद, या डब्यावर? त्यांना कळलं तर… आठ महिने थांबलो ते याच्यासाठी?”

उस्ताद हेडफोन धरून उभे राहिले. हात खाली गेला नाही.

सन्मती स्टुलावरून उठून त्या मशीनपुढे बसला. काय करतोय हे त्याला नीट कळत नव्हतं. आपण हवं तर खिशातल्या फोनवरूनही त्यांच्याशी बोलू शकलो असतो, हे त्याला गेल्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. म्हणूनच तो यादी करत होता.

त्यानं हेडफोन कानाला लावला. पासवर्ड टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. खेळताना चौघांची बोलायची ऑनलाइन जागा होती तिथंच होती. तिच्या नावात चौघांच्या नावांची पहिली अक्षरं होती, ती कुणी बदलली नव्हती.

हेडफोनच्या तारेवर माईक बंद करायचं एक बटण होतं. आत जायच्या आधी सन्मतीनं ते दाबून माईक बंद केला.

आत आल्याची टिंग वाजली. गोळ्यांच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही.

“डावीकडं! डावीकडं बघ की मर्दा!… गेलास!”

विश्वजित. आवाज आहे तसाच.

“अरे पीछे से आया वो,” कुणीतरी म्हणालं. हा आवाज सन्मतीला ओळखीचा नव्हता. चौथ्या जागेवर कुणी दुसराच होता. त्याच्यावर सगळे हसले आणि तोही त्यांच्यात हसला.

सन्मतीनं डोळे मिटले. आपली जागा रिकामी ठेवून ते बसले असतील, असं त्याला आतून कुठेतरी वाटत होतं. वेड्यासारखं, पण वाटत होतं.

“हॉल ठरला काय मग?” हा तौसीफ.

“ठरला. जयसिंगपूरचा. पत्रिका छापायला टाकल्यात,” अभिनंदन म्हणाला. “तू चार दिवस आधी यायचंस. कामं आहेत.”

“पत्रिकेत नाव घातलंस न्हवं माझं?”

“तुझं कशाला? तुझं लग्न हाय काय?”

पुन्हा हसणं. सन्मतीचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. अभिनंदनचं लग्न ठरलं होतं. कॉलेजात तीन वर्षं दोघांनी एका डब्यातलं खाल्लं होतं, आणि अभिनंदनचं लग्न ठरलं होतं.

“सन्मतीला सांगितलंस काय रे?” तौसीफनं विचारलं.



“कसं सांगू?” अभिनंदन म्हणाला. “मशीन आलं की येतो म्हणाला होता. मी वाट बघितली. मग वाटलं, त्याला नसंल बोलायचं. आता एकदम पत्रिकाच पाठवायची म्हणजे… बरं न्हाई दिसत.”

“फोन कर की.”

“तू केलास?”



उस्ताद पलीकडे सन्मतीकडे पाठ करून बसले होते. त्यांनी एक जुना पंखा हातात घेतला होता आणि तो बोटानं फिरवून कानाशी धरत होते. शेजारचा तंबोरा थांबला होता. दुकानात त्या उघड्या मशीनच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता, आणि सन्मतीच्या कानात पुणं होतं, हैदराबाद होतं.

हेडफोन काढून ठेवावा, असं त्याला वाटलं. कुणालाही कळलं नसतं. पुढच्या शनिवारी तेरावी यादी आणता आली असती.

“थांबा, थांबा,” विश्वजित एकदम म्हणाला. “खेळ सोडा. इथं बघा जरा. कोण आलंय हे?”

“कुठं?”

“अरे आत! बोलायच्या जागेत. नाव बघ की!”

गोळ्या थांबल्या. चौथा कुणीतरी “क्या हुआ भाई” म्हणाला, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

“सन्मत्या?” अभिनंदनचा आवाज आला. खूप हळू. “तू हाईस काय?”

सन्मतीचा अंगठा तारेवरच्या बटणावर होता. माईक अजून बंद होता.

“आवाज येईना तुझा,” तौसीफ म्हणाला. “माईक बंद हाय काय बघ.”

“सन्मत्या, लेका,” विश्वजित म्हणाला. “मशीन आलं काय रे?”

त्या विचारण्यात थट्टा होती की काळजी, हे सन्मतीला कळेना. याच प्रश्नाचं उत्तर त्यानं आठ महिने घोकलं होतं. कार्डाच्या नंबरासकट. आरशापुढे म्हणूनसुद्धा बघितलं होतं. आता त्यातला एक शब्द ओठावर येत नव्हता.

तिघं थांबले होते.

सन्मतीनं मागे वळून बघितलं.

“उस्ताद…” तो म्हणाला. “उस्ताद, ते विचारतायत मशीन आलं का. काय सांगू?”

उस्तादांनी पंखा कानापासून दूर केला नाही. वळूनही बघितलं नाही.

“म्हण… मी आलोय.”